कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट ट्रान्सफर होतात म्हणे, पण पुढे डिग्रीत धरतात का?

नाशिकची_सुषमा

नमस्कार मंडळी. आम्ही बे एरियात असतो, लेक गेल्या वर्षी फॉलपासून (ऑगस्टच्या सेमिस्टरपासून) इथल्या एका कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला जाते. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. दोन सेमिस्टर झाली, ३१ युनिट (क्रेडिट) झाले, मार्क चांगले आहेत. सुरुवातीला बिझनेस घेतलं होतं, दोन वर्षं इथे करून मग यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला ट्रान्सफर व्हायचं असं ठरलेलं.

आता तिला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचंय. २०२४ च्या मार्चमध्ये बिग सूरजवळ रॉकी क्रीकला हायवे १ ची एक लेन तुटून समुद्राकडे गेली ना, त्यानंतर आम्ही तिकडे गेलो होतो तर ही गाडीतून उतरून अर्धा तास ती भिंत आणि ते काम बघत उभी. तेव्हापासून डोक्यात रस्ते, पूल, डोंगर कसे धरून ठेवायचे हेच चाललंय. मला आनंदच आहे, आवडीचं सापडलं तिला. पण प्रश्न असा की जे ३१ युनिट झालेत त्यांचं काय? काउन्सेलरला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर एकच, "सगळे ट्रान्सफरेबल आहेत, काळजी नको". मग तिच्या मैत्रिणीचा भाऊ म्हणाला की हे सगळं वाया जाणार, परत पहिल्यापासून. आता यातलं खरं कोणाचं?

तिने घेतलेले कोर्स: इंग्लिशचे दोन, बिझनेस कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, अकाउंटिंग, कम्युनिकेशन, आर्ट हिस्टरी. कोणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. नाशिकला सासूबाई रोज फोनवर विचारतात की "कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्यांना कुठे मिळत नाही त्यांचं का गं?" आणि मला उत्तर देताना फार त्रास होतो, कारण पोरीने खरंच मेहनत केलीये.

पूलवाला_मिल्पिटास

सुषमाताई, मी याच वाटेने गेलोय. तीन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग यूसी, सिव्हिलच, आणि आता पुलांच्या डिझाइनचंच काम करतो. त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

काउन्सेलर खोटं बोलत नाहीये आणि मैत्रिणीचा भाऊही अर्धा बरोबर आहे. घोळ "ट्रान्सफरेबल" या शब्दात आहे. यूसीने कोर्स स्वीकारला म्हणजे तो तुमच्या ६० सेमिस्टर युनिटमध्ये मोजला जातो, ज्युनिअर (तिसऱ्या वर्षाची) म्हणून आत जायला ते ६० लागतात. बस, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. तो कोर्स जनरल एज्युकेशनचा (सगळ्यांनाच लागणाऱ्या सामान्य विषयांचा) एखादा चौकोन भरतो का हा वेगळा प्रश्न, आणि तुमच्या मेजरला (मुख्य विषयाला) लागणाऱ्या कोर्सच्या जागी चालतो का हा तर त्याहून वेगळा. बिझनेस कॅल्क्युलसचंच बघा. युनिट मिळतील, गणिताची किमान अट पण भागेल, पण सिव्हिलला जे कॅल्क्युलस लागतं त्याच्या जागी तो चालणार नाही, तिला खरं कॅल्क्युलस १ घ्यावंच लागेल. आणि ते घेतलं की यूसी दोन्हींचं मिळून एकदाच क्रेडिट देते, कारण विषय तोच धरला जातो. अकाउंटिंग नुसतं इलेक्टिव्ह म्हणून बसेल. इंग्लिशचे दोन मात्र सोन्यासारखे आहेत, ते सगळीकडे लागतात. इकॉनॉमिक्स, आर्ट हिस्टरी जनरल एज्युकेशनमध्ये जाईल. म्हणजे वाया काही नाही, पण सिव्हिलच्या दृष्टीने तिची गणिताची आणि फिजिक्सची गाडी अजून स्टेशनातच आहे, हे आजच कळलेलं बरं.

आज रात्री एक काम करा. असिस्ट डॉट ऑर्ग उघडा, फुकट आहे, लॉगिन लागत नाही, कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजं, कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि यूसी यांच्यातले सगळे करार तिथे असतात. वर्ष निवडा, तिचं कॉलेज निवडा, समोर यूसी डेव्हिस म्हणा, बर्कली म्हणा, मग "मेजर" वर जाऊन सिव्हिल उघडा. डाव्या बाजूला युनिव्हर्सिटीला काय लागतं ते दिसेल, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला कुठला कोर्स त्याच्या जागी चालतो. उजवीकडे "नो कोर्स आर्टिक्युलेटेड" असं दिसलं तर तुमच्या कॉलेजात त्याला जोड नाही. प्रत्येक कॅम्पसचं पान वेगळं असतं. म्हणून एकच बघून थांबू नका, चार-पाच प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवा, जे कोर्स सगळीकडे येतात ते आधी घ्यायचे.

कॅल्क्युलस १ याच समरला उरकून टाका, म्हणजे फॉलपासून फिजिक्स सुरू करता येईल.

गणित_शिकवते

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त शेवटच्या ओळीला माझा विरोध आहे. मी कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते (अर्धवेळ, दोन वेगवेगळ्या ठिकाणी), आणि सहा आठवड्यांच्या समरमध्ये कॅल्क्युलस १ घेऊन पाय घसरलेली मुलं दरवर्षी बघते. मुलगी हुशार असेलही, पण मधलं एक वर्ष ती ट्रिगोनॉमेट्रीला शिवलेली नाहीये, बिझनेस कॅल्क्युलसमध्ये ती जवळजवळ नसतेच. सहा आठवड्यांत साइन-कॉस आठवायला वेळ कुठून आणायचा? आणि इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला गणित-फिजिक्सचे ग्रेड फार बारकाईने बघतात. सी आला आणि पास झाली, तर बहुतेक ठिकाणी तो कोर्स परत घेऊन ग्रेड सुधारता पण येत नाही. त्यापेक्षा समरमध्ये घरी बसून ट्रिग आणि प्रीकॅल्क्युलस घोटून घ्या आणि फॉलला शांतपणे कॅल्क्युलस १.

साखळी अशी बसते बघा. फॉलला कॅल्क १ आणि केमिस्ट्री, स्प्रिंगला कॅल्क २ आणि फिजिक्सचा पहिला भाग, म्हणजे मेकॅनिक्स, पुढच्या फॉलला कॅल्क ३, फिजिक्सचा दुसरा आणि प्रोग्रॅमिंग, आणि शेवटच्या स्प्रिंगला लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, फिजिक्सचा तिसरा भाग, स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा विषय). शेवटचं सेमिस्टर जड आहे, त्यातलं एखादं मधल्या समरला सरकवता येईल. एकूण कम्युनिटी कॉलेजात तीन वर्षं होतात. होऊ द्या. दोन वर्षांत अर्धवट तयारीने गेलेल्या मुलाला तिथे अप्पर डिव्हिजनचे (तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे) कोर्स घेताच येत नाहीत, प्रीरिक्विझिट (आधी लागणारे कोर्स) अडवतात, आणि मग तेच कॅल्क ३ तो यूसीच्या फीमध्ये करत बसतो.

आणखी दोन गोष्टी मुलांना कोणी सांगत नाही. फिजिक्स किंवा कॅल्क्युलसची सिरीज एका कॉलेजात सुरू केली की शक्यतो तिथेच संपवा. अर्धी सेमिस्टरवाल्या आणि अर्धी क्वार्टरवाल्या (वर्षात दोनऐवजी तीन सत्रं असलेल्या) कॉलेजात केली, तर धड्यांची वाटणी जुळत नाही आणि मधला एखादा विषय राहतो किंवा दोनदा होतो. दी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, बाकी आजूबाजूची बरीचशी सेमिस्टरवर, त्यामुळे बे एरियात हा प्रकार सहज होतो. दुसरं, मेजरचा कुठलाही कोर्स पास-नो पास वर घेऊ नका, लेटर ग्रेडच घ्या. आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा, पुढे एखाद्या कोर्सवरून वाद झाला तर अपील करताना तोच मागतात, आणि तीन वर्षांनी शिकवणारा कुठे असेल सांगता येत नाही.

पूलवाला_मिल्पिटास

समरबद्दल मॅडमचं ऐका, मी माझ्या वेळेच्या अंदाजाने लिहिलं. माझं ट्रिग ताजं होतं, तिचं नाही.

एडिसनकर

आम्ही न्यू जर्सीत, तुमच्याइतकी सोपी वेबसाइट नाही, पण एनजे ट्रान्सफर म्हणून आहे. इथे राज्याचा करार आहे, कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची डिग्री, म्हणजे असोसिएट इन आर्ट्स किंवा असोसिएट इन सायन्स पूर्ण केलं तर सरकारी युनिव्हर्सिटी क्रेडिट घेतात. पण असोसिएट इन अप्लाइड सायन्स त्यात येत नाही! नावात एका शब्दाचा फरक आणि माझ्या भाच्याचं जवळपास वर्ष गेलं. ॲडमिशनच्या वेळी ऑफिसात कोणी तरी फॉर्मवर अप्लाइडला टिक करून दिली, पोरगं आणि आम्ही कोणीच वाचलं नाही. अजून वाईट वाटतं. जे कोणी कॅलिफोर्नियाबाहेरून वाचत असतील त्यांनी आपल्या राज्याचा करार कुठल्या डिग्रीला लागू आहे ते आधी बघा.

आणि हे फक्त आपल्याच मुलांचं होतं असं नाही. २०१७ मध्ये अमेरिकन सरकारच्या जीएओने (सरकारी कामाची तपासणी करणाऱ्या ऑफिसने) अहवाल दिला होता, २००४ ते २००९ मध्ये कॉलेज बदललेल्या मुलांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट गेले असं त्यात होतं. त्यात सगळ्या प्रकारची ट्रान्सफर धरली आहे, नुसती कम्युनिटी कॉलेजची नाही, तरी आकडा वाचून झोप उडाली होती माझी.

नाशिकची_सुषमा

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री बारापर्यंत मी आणि लेक दोघी असिस्ट उघडून बसलो होतो. पहिल्यांदा मला कळलं की ती काय शिकतेय आणि कशासाठी. पूलवाला दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, बिझनेस कॅल्क कुठल्याच सिव्हिलच्या पानावर नाही.

आता नवीन शंका. मॅडमनी लिहिलेल्या साखळीचे युनिट आम्ही कॉलेजांच्या कॅटलॉगवरून मोजले तर ४४ येतात. ३१ आणि ४४ म्हणजे ७५. कुठेतरी वाचलं की यूसी ७० च्या वर घेत नाही, मग ती बाद होणार का? आणि ते जनरल एज्युकेशनच्या कोर्सचं आयजीईटीसी की कॅल-जीईटीसी जे काय आहे ते पूर्ण करायचं का? काउन्सेलर म्हणते करा.

पूलवाला_मिल्पिटास

७० ची भीती नको. यूसी लोअर डिव्हिजनचे (पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचे) जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट मोजते, क्वार्टरवाल्यांना १०५. वरचे युनिट डिग्रीच्या बेरजेत येत नाहीत, पण विषय झालेला धरतात, म्हणजे ती ७५ घेऊन गेली तरी फिजिक्स परत करावं लागत नाही. आणि सगळे युनिट कम्युनिटी कॉलेजातलेच असतील तर जास्त युनिट झाले म्हणून ॲडमिशन नाकारत नाहीत. आधी चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत शिकून आलेल्यांची गोष्ट वेगळी.

जनरल एज्युकेशनचं म्हणाल तर, २०२५ च्या फॉलपासून नव्याने येणाऱ्या मुलांसाठी आयजीईटीसीच्या जागी कॅल-जीईटीसी आलं, ११ कोर्स आणि ३४ युनिट. ती त्याआधीपासून सलग शिकत असेल तर तिला जुनं चालू शकतं, ते कॉलेजात लिहून घ्या. पण इंजिनिअरिंगला त्याच्या मागे धावू नका. हिस्टरी, आर्टचे दोन कोर्स राहिले तर ते यूसीत जाऊन करता येतात आणि डोक्याला जरा विसावाही मिळतो, पण फिजिक्स राहिलं तर सगळंच अडतं. काउन्सेलर दिवसाला कितीतरी मुलं बघतात, बहुतेकांना जनरल एज्युकेशन आधी हाच सल्ला बरोबर असतो, इंजिनिअरिंगला तो उलटा पडतो. तुमच्या कॉलेजात एसटीईएमचे (सायन्स-गणिताच्या विषयांचे) किंवा इंजिनिअरिंगचे वेगळे काउन्सेलर असतील तर त्यांचीच अपॉइंटमेंट घ्या, आणि असिस्टची प्रिंट हातात घेऊन जा.

तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाका. टॅग म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी, त्याचा फॉर्म १ ते ३० सप्टेंबर, आणि तो एकाच कॅम्पसला करता येतो. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ हे सहाच कॅम्पस टॅग देतात, बर्कली, एलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. तेही सगळ्या मेजरला नाही, इंजिनिअरिंग आणि कम्प्युटर सायन्स बऱ्याच ठिकाणी वगळलेलं असतं, त्या वर्षाचा टॅग मॅट्रिक्स (कुठल्या कॅम्पसला कुठलं मेजर चालतं त्याचा तक्ता) यूसीच्या साइटवरून उतरवून बघा. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आणि जानेवारीत टीएयू, म्हणजे फॉलचे ग्रेड कळवायचा फॉर्म, तो विसरायचा नाही म्हणजे नाही. माझ्या ओळखीत एकाने अर्ज छान भरला आणि टीएयूची ईमेल स्पॅममध्ये गेली, फोन करकरून शेवटी निभावलं पण तो महिना त्या घरात कोणी नीट जेवलं नाही.

सॅनहोजेची_वैदर्भी

तुम्ही सगळे यूसी यूसी करताय म्हणून लिहिते. सिव्हिलला सॅन होजे स्टेट आणि कॅल पॉली सॅन लुईस ओबिस्पो यांचाही विचार करा ना. सॅन होजे स्टेटचं सिव्हिल ॲबेट (इंजिनिअरिंगचे कोर्स तपासणारी संस्था) मान्यताप्राप्त आहे, पुढे इंजिनिअरच्या एफई परीक्षेला आणि पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्सला ते कामाला येतं, आणि घरून जाता येतं. माझा मुलगा तिथे सिव्हिललाच आहे. सर्व्हे लॅबमध्ये स्वतः हाताने टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावतो, आणि त्याच्या वर्गात निम्मी मुलं कम्युनिटी कॉलेजातून आलेली आहेत. कॅल स्टेटसाठी (सॅन होजे स्टेट, कॅल पॉली त्यातलीच) असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर म्हणून प्रकार आहे, पण इंजिनिअरिंगला तो फारसा जुळत नाही, म्हणून त्याही ठिकाणी असिस्टचं मेजरचं पानच बघायचं.

आणि एक विचारते, राग मानू नका. मुलगी एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहे का? असेल तर २१ पूर्ण झाले की एच-४ संपतो, आणि तीन अधिक दोन अशी पाच वर्षं धरली तर ती तारीख मध्येच येणार. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) जायचं झालं की फीच्या रेसिडन्सीचा, म्हणजे राज्यातली रहिवासी धरून कमी फी लावतात का, हा प्रश्न उभा राहतो. यूसीमध्ये रेसिडन्सी डेप्युटी नावाचा माणूस असतो, त्याला आणि वकिलाला आत्ताच विचारा, शेवटच्या सेमिस्टरला नको. आमच्या ओळखीत दोन घरं यातून गेलीत, फार ताण असतो आईबापाला.

नाशिकची_सुषमा

राग कसला, उलट बरं झालं विचारलंत. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं, तेवढी एक चिंता मिटलीये. सॅन होजे स्टेटचं पान पण बघतो आज.

कोथरूडचा_डिप्लोमावाला

मी पुण्यातून वाचतोय, अमेरिकेचं मला काही माहीत नाही पण सासूबाईंना काय सांगायचं ते सांगतो. मी स्वतः दहावीनंतर पॉलिटेक्निकला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि मग डीएसईने, म्हणजे थेट द्वितीय वर्षाला, इंजिनिअरिंग कॉलेजला गेलो. तेव्हा आमच्या आत्यापण असंच म्हणायच्या की बारावी जमली नसेल म्हणून डिप्लोमा. आता त्यांच्याच बंगल्याचं स्ट्रक्चरल ऑडिट मी केलं. सासूबाईंना म्हणावं, आपल्याकडे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर, तिकडे कम्युनिटी कॉलेज करून डायरेक्ट थर्ड इयर. शेवटी डिग्रीवर नाव युनिव्हर्सिटीचंच येतं ना तिकडे?

पूलवाला_मिल्पिटास

हो, युनिव्हर्सिटीचंच. ट्रान्सफर होऊन आला असं डिग्रीवर कुठे लिहीत नाहीत. मी मुलाखतींना गेलो तेव्हा कम्युनिटी कॉलेजचा विषय निघाला तो माझ्याच बाजूने निघाला, कारण समोरचे दोघेही तिथूनच आलेले. कॅलिफोर्नियात १९६० च्या मास्टर प्लॅनपासून ही वाट मुद्दाम आखलेली आहे. कोणाला मागच्या दाराने घेतलं असा प्रकार नाही.

नाशिकची_सुषमा

आठवड्याने येतेय. इंजिनिअरिंगच्या काउन्सेलरला भेटून आलो, प्रिंट घेऊन गेलो होतो, त्या बाईंनी एकेक कोर्सवर पेनने खूण करून दिली. सगळ्या ३१ युनिटचा हिशोब आता समोर आहे. इंग्लिशचे ७ सगळीकडे लागतात, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स, कम्युनिकेशन, आर्ट हिस्टरी हे जनरल एज्युकेशनमध्ये बसतं, अकाउंटिंग इलेक्टिव्ह, बिझनेस कॅल्क कॅल्क १ झालं की बेरजेतून जाईल. म्हणजे बुडाले फक्त ४. उरलेले ४४ युनिट ४६ डॉलरने २०२४ डॉलर होतात. यूसीत एका वर्षाची नुसती ट्यूशन आणि फी मिळून पंधरा हजारांच्या आसपास जाते. हे गणित तिच्या बाबांनी मांडलं आणि तेही एकदम शांत झाले, तिसऱ्या वर्षाला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता.

समरला कोर्स घेत नाहीये. डायनिंग टेबलवर ट्रिगची वही उघडी असते सध्या. सासूबाईंना डायरेक्ट सेकंड इयरचं उदाहरण दिलं तर लगेच म्हणाल्या, "अगं मग आपल्या शेजारच्या पवारांचा मुलगा तसाच गेला होता की", आणि काल त्यांनी नातीला फोनवर विचारलं की तो हायवे नीट झाला का.

एकच अडकलंय. तिच्या कॉलेजात स्टॅटिक्स नाही. असिस्टवर तिथे "नो कोर्स आर्टिक्युलेटेड" येतंय. दुसऱ्या कॉलेजातून घेता येतो का?

गणित_शिकवते

येतो. असिस्टवर आता तिचं कॉलेज सोडून आसपासची बाकी कॉलेजं एकेक करून निवडा आणि त्याच युनिव्हर्सिटीचं सिव्हिलचं पान उघडा, कोणाच्या उजव्या बाजूला स्टॅटिक्सला जोड दिसते ते लिहून घ्या. सीव्हीसी एक्स्चेंजवर ऑनलाइन पण शोधा, तिथे राज्यभरातल्या कम्युनिटी कॉलेजांचे ऑनलाइन कोर्स दिसतात. स्टॅटिक्सला आधी मेकॅनिक्स झालेलं लागतं, त्यामुळे पुढच्या स्प्रिंगला मेकॅनिक्स संपल्याशिवाय नाही. बऱ्याच ठिकाणी तो वर्षातून एकदाच असतो, म्हणून रजिस्ट्रेशन उघडायच्या दिवशी सकाळीच बसायचं. आणि त्या दुसऱ्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट पण यूसीला वेगळी पाठवावी लागेल, एकच कोर्स असला तरी अर्जात ते कॉलेज लिहायचंच. कुठलं कॉलेज सापडतं ते इथे टाका, मी त्यांचा सिलॅबस बघून सांगते.